प्रवासात लागणारे सामान

रामबाग, इंदूर
२८ नोव्हेंबर १९५४

चि. बेबी, तुला आणि छोट्या उषाला अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. पाच वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. 'र' अजून तसाच काढतेस, शेपूट लांबवून. चार ओळींत तू चार प्रश्न विचारलेस आणि खाली लिहिलंस, "तुला अनुभव आहे म्हणून विचारते." आहे खरा. बावीस वर्षांपूर्वीचा आहे, पण समुद्र काही बदलला नसेल.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं क्रमानं देते.

केबिन. रघुवीररावांनी विलायतेहून बोट ठरवली असली तरी केबिन बदलून मागता येते, आजच लिही. हिंदुस्थानातून विलायतेला जाताना उजव्या हाताची केबिन मागावी. डावीकडच्या केबिनी तांबड्या समुद्रात दुपारभर तापतात, लोखंडाच्या तव्यासारख्या. बोटीच्या मधोमध मागावी. टोकाच्या केबिनीत झोका जास्त बसतो. अगदी तळाची नको, तिथे इंजिनाचा वास येतो.

ट्रंक. सामानाचे दोन भाग करायचे. कंपनी चिठ्ठ्या देते, 'प्रवासात लागणारे' आणि 'प्रवासात न लागणारे'. दुसरी चिठ्ठी लावलेली पेटी बोटीच्या पोटात जाते, ती थेट विलायतेलाच दिसते. तेव्हा गरम कपडे दोन्हीकडे ठेव. फ्रान्सचं मार्सेय बंदर जवळ आलं की एकदम थंडी पडते आणि बायका डेकवर कुडकुडत उभ्या राहतात. केबिनमधली ट्रंक बुटकी हवी, बिछान्याखाली सरकेल अशी. सियागंजात मी परवाच चौकशी केली. दुकानदार म्हणाला, "बहेनजी, ये तो हाथी बैठे तो भी न टूटे." हत्ती केबिनमध्ये मावत नाही, बुटकी दाखवा, म्हटलं. पाठवू का ते कळव.

बोट लागणे. पहिले दोन दिवस लागतेच, तिसऱ्या दिवशी माणूस उठून बसतो. केबिनमध्ये पडून राहू नये. वर डेकवर जाऊन पाणी आणि आभाळ जिथे मिळतं तिथे नजर ठेवावी. आमच्या बोटीवर सांतान नावाचा गोव्याचा स्टुअर्ड होता. मी काही खात नाही हे पाहून तो म्हणाला, "बाय, पोट रितें दवरूं नाका." पोट रिकामं ठेवू नका म्हणे, आणि कोरडी बिस्किटं आणून दिली. तेच औषध. आलेपाक मी करून पाठवीन. तू मार्चमध्ये निघतेस हे चांगलं, पावसाळ्याच्या तोंडाशी त्या समुद्रात जाऊ नये.

चौथा प्रश्न तू विचारलास की भीती वाटते का. त्याचं उत्तर एका ओळीत देता येणार नाही. तू माळव्यात वाढलीस, पाणी म्हणजे सिरपूरचा तलाव. मीही तशीच होते. मुंबईचा किनारा गेला, पक्षी मागे फिरले, आणि मी चारही बाजूंना फिरून पाहिलं तर कुठेच काही नव्हतं. झाड नाही, धूर नाही, डोंगराची रेघ नाही. नुसतं गोल पाणी, आणि त्या गोलाच्या बरोबर मध्ये आम्ही. दुसऱ्या दिवशीही मध्येच, तिसऱ्या दिवशीही. एवढं चालून आपण मधून हलत नाही, हे मला तेव्हा समजेना. आता भूगोल शिकवते, फळ्यावर आकृती काढून मुलींना समजावते. तरी अजून पुरतं समजलंय असं नाही.

भीती वाटली नाही. एवढंच आज लिहिते.

तुझी आई

रामबाग, इंदूर
१९ डिसेंबर १९५४

चि. बेबी,

या वेळी पाकीट आलं, कार्ड नाही. दोनदा वाचलं. शेवटच्या पानावर जे विचारलंस त्याचं उत्तर शेवटीच देते, आधी कामाचं.

जेवण. बोटीवर चढल्याबरोबर मुख्य स्टुअर्डला सांगायचं की आपण मांस खात नाही. पहिल्याच दिवशी, लाजू नको. मी लाजले आणि दोन दिवस उकडलेल्या बटाट्यावर काढले. त्यानंतर सांताननं भटारखान्यातून भात आणि वरण आणलं, वरण म्हणजे पिवळं पाणी, पण मला रडू आलं. लोणचं घट्ट झाकणाचं ने, केबिनमध्ये सांडलं तर तीन आठवडे वास जात नाही.

लुगडी. तू पाचवारीच नेसतेस, ते ठीक. डेकवर वारा असा असतो की पदर धरायला एक हात कायमचा गुंतून पडतो. पदर पिनेनं टाचून ठेव आणि हात मोकळे ठेव, बोटीचे जिने उभे असतात. न्हाणीत टबात समुद्राचं गरम पाणी असतं, त्यात साबणाला फेस येत नाही. शेजारी गोड्या पाण्याचं छोटं घमेलं ठेवलेलं असतं, ते शेवटी अंगावर घ्यायचं. न्हाणीची वेळ पहिल्या दिवशी सकाळची मागून घे. ओव्हरकोट महूला शिवून मिळेल. छावणीच्या बाजारात एक म्हातारा शिंपी आहे, साहेब लोक गेले पण त्याचा हात गेलेला नाही. मापं पाठव.

डेकवरची खुर्ची चढल्या दिवशीच आपल्या नावाची चिठ्ठी लावून धरून ठेवायची. सकाळच्या बाजूला सावली कुठे पडते ते पाहून. दुसऱ्या दिवशी भोंगा वाजतो आणि सगळ्यांना जाकिटं चढवून रांगेत उभं करतात. बोट बुडत नसते, नुसता सराव असतो. मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी रामरक्षा म्हणायला लागले होते.

आणि घड्याळाचं. पश्चिमेला जाताना रोज घड्याळं थोडी मागे करतात, कधी अर्धा तास, कधी जास्त. विलायतेला पोचेपर्यंत साडेपाच तास परत मिळतात. जगून झालेला वेळ कोणी परत देतं, हे मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी बाईसाहेबांना विचारलं, या अर्ध्या तासाचं करायचं काय? त्या म्हणाल्या, "मंगला, बस जरा. काही करू नकोस." त्या काळी मला कोणी बस म्हणत नसे.

या बाईसाहेब म्हणजे प्रेमलताबाई, सरदार जयसिंगरावांच्या पत्नी, ज्यांच्या सोबतीला मी गेले. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. त्यांच्या पोटाचं ऑपरेशन लंडनला व्हायचं होतं. त्यांना मराठी बोलणारी, थोडं इंग्रजी वाचणारी बाई हवी होती. तुझे बाबा जाऊन वर्ष झालं होतं. तुझे आजोबा अप्पासाहेब दरबारच्या कचेरीत होते, सरदारांना नाही म्हणणं त्यांना शक्य नव्हतं. घरात सगळ्यांना मी हेच सांगत आले की मला जावं लागलं.

आता तुझा प्रश्न. रघुवीररावांनी तिकीट दोघींचं काढलंय, पण तू एकटी, तीन आठवडे पाण्यावर, आणि उषा अडीच वर्षांची. तिकडे एकच खोली आणि थंडी. सासूबाई ग्वाल्हेरला अंथरुणाला खिळलेल्या. म्हणून उषाला वर्षभर माझ्याकडे ठेवावं का, असं तू विचारतेस.

ठेव. यात विचारायचं काय? शाळेतून मी पाच वाजता घरी असते, दुपारी शेजारच्या वहिनी बघतील. मी तिला अजून पाहिलेलंही नाही. खुशाल ठेव, फिकीर करू नकोस.

तुझी आई

रामबाग, इंदूर
१६ जानेवारी १९५५

बेबी,

गेला महिना मी काय केलं ते सांगते. सुताराला बोलावून तुझा जुना लाकडी पलंग दुरुस्त करून घेतला आणि त्याला कठडा लावला. दोन फ्रॉक शिवले, अंदाजानं. शाळेत सगळ्या बायांना सांगून झालं की माझी नात येतेय. संक्रांतीला हलव्याचे दागिने केले. परवा ते दागिने डब्यात भरताना मी खाली बसले आणि बराच वेळ उठले नाही.

उषाला इथे ठेवू नकोस.

असं फिरवून लिहिलं की तू चिडशील, आणि चिडलीस तर बरोबरच आहे. पण कारण ऐकून मग चीड. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

तुझ्या लग्नाच्या आधी आपलं भांडण झालं तेव्हा मी म्हणत होते, बी. ए. पुरं कर, मग लग्न कर. तू म्हणालीस, "दोन वर्षांच्या पोरीला टाकून जी बोटीवर बसली, तिनं मला शहाणपण शिकवू नये." लग्न तुझ्या शारदाकाकूंच्या घरून झालं आणि मला ताप आला होता म्हणून मी आले नाही, असं सगळ्यांना माहीत आहे. ताप नव्हता. तू म्हणालीस ते खरं होतं, आणि जेवढं तुला माहीत होतं त्याहून जास्त खरं होतं.

अप्पासाहेबांनी मला जा म्हटलं नव्हतं. ते मला म्हणाले होते, "सूनबाई, तुमचं मन नसेल तर मी सरदारांना सांगतो मुलगी आजारी आहे म्हणून." दोन दिवस त्यांनी वाट पाहिली. मी म्हटलं, जाते.

मुंबईला बोट सुटली तेव्हा मी रडले. एडनपर्यंत रोज रडायची. पोरीनं दूध प्यायलं असेल का, शारदावहिनी तिची वेणी घालताना केस ओढत असतील का. मग तांबडा समुद्र लागला. एके सकाळी मी एकटीच डेकवर होते. पाणी अगदी गुळगुळीत, रेशमी. एकाएकी त्यातून मासे वर आले, पन्नास-साठ असतील, चांदीच्या पंखांचे, आणि पाण्याला न टेकता लांबवर उडत गेले. पहिल्यांदा वाटलं चिमण्या आहेत. मग वाटलं माझे डोळे बिघडले. सांतान मागून म्हणाला, मासेच ते, रोज येतात. मी दिवसभर तिथेच उभी राहिले. जेवायला गेले नाही. उन्हानं चेहरा भाजला.

दुसऱ्या दिवशी केस विंचरताना ध्यानात आलं की आदल्या दिवशी मला तुझी एकदाही आठवण आली नव्हती. सकाळपासून निजेपर्यंत एकदाही नाही. मी कंगवा खाली ठेवला. माझ्या छातीत धडधडायला हवं होतं. पण बेबी, मला भूक लागली होती. मी वर जाऊन पोटभर नाश्ता केला.

त्यानंतर मी रडले नाही. सुवेझचा कालवा आला. तुला तो दिवसा लागला तर जागची हलू नकोस. दोन्ही बाजूंना वाळवंट, आणि एवढी मोठी बोट वाळूतून चाललीय असं वाटतं. काठावरून एक माणूस उंट घेऊन चालला होता. आम्ही आणि तो एकाच वेगानं चाललो होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मी मेले तरी चालेल, हे पाहून झालं. माझं वय तेवीस होतं. तेव्हापर्यंत मी चूल, न्हाणीघर, तुझ्या बाबांचं आजारपण आणि देवघर एवढंच पाहिलं होतं. इटलीच्या जवळ एक डोंगर समुद्रातून सरळ वर आलेला आहे, त्याच्या डोक्यातून संध्याकाळी लाल जाळ निघत होता. प्रेमलताबाई आजारी होत्या तरी शाल पांघरून वर आल्या. आम्ही दोघींनी हात जोडले. कशाला जोडले पता नाही.

आता पुढचं. ऑपरेशन झालं, बाईसाहेब बऱ्या झाल्या. त्यांच्या उशाशी मी सहा महिने होते. तिथल्या मुख्य नर्सनं माझं काम पाहिलं आणि विचारलं, तीन वर्षं इथे राहून शिकशील का? राहायची सोय त्यांची. मी हो म्हटलं. कोणाला विचारलं नाही. इंदूरला पत्र लिहिलं नाही. बाईसाहेबांना सांगितलं, मी येत नाही. त्या म्हणाल्या, "पोरीचं काय?" मी म्हटलं, तिथे शारदावहिनी आहेत.

बोटीच्या दिवशी मी त्यांना पोचवायला गेले. माझी ट्रंक नर्सांच्या वसतिगृहात होती. त्यांच्या केबिनमध्ये औषधं लावून दिली, उशा नीट केल्या. पोचवायला आलेल्यांनी उतरावं म्हणून घंटा झाली. मी बिछान्याच्या काठावर बसले होते. दुसरी घंटा झाली. बाईसाहेब म्हणाल्या, "मंगला, ऊठ, बोट सुटेल." मी उठले नाही. बोट सुटली.

अंगावरच्या लुगड्यानिशी मी परत आले. इंदूरला सगळ्यांनी विचारलं, ट्रंक कुठाय? मी सांगितलं, पोर्ट सैदला हरवली.

तुझ्यासाठी परत आले असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. तुझी आठवण आली होती, खोटं नाही. पण केबिनच्या गोल खिडकीतून पाणी दिसत होतं, आणि उतरले तर ते परत कधी दिसणार नाही, हेही मनात होतं. यातलं कुठलं जड झालं ते मला बावीस वर्षांत ठरवता आलेलं नाही.

घरी पोचले तेव्हा तू शारदाकाकूंच्या पदराआड लपलीस. मी हात पुढे केला तर तू ओरडलीस, जणू चोर आला. अकरा महिने मोठ्या माणसांना थोडे असतात. तुला ते निम्म्या आयुष्याइतके होते. त्यानंतर तू माझ्याजवळ जेवलीस, अभ्यास केलास, तापात माझ्या मांडीवर झोपलीस, पण दारात पाऊल वाजलं की आधी शारदाकाकूंकडे बघायचीस. ते मी सगळी वर्षं पाहिलं.

उषा इथे राहिली तर ती वर्षभरात माझी होईल. मला ते हवंय. किती हवंय ते तो पलंग बघितलास तर कळेल. म्हणूनच सांगते, तिला घेऊन जा.

मंगला

रामबाग, इंदूर
२० फेब्रुवारी १९५५

चि. बेबी,

एक महिना तुझं पत्र नाही. काल आलं, दोन ओळींचं. "अकरा मार्चच्या मेलनं ग्वाल्हेरहून निघते. खंडव्याला उषाला उतरवून देईन, घ्यायला ये." मी जे लिहिलं त्याबद्दल एक अक्षर नाही.

बरं. खंडव्याला येते. पण तोवर हे वाच, खामखा लिहीत नाही, डॉक्टरीणबाईंना आणि महूच्या दोन बायकांना विचारून लिहितेय, त्या मुलं घेऊन जाऊन आल्यात.

लहान मूल बोटीवर मोठ्या माणसापेक्षा सुखी असतं. मुलांना बोट फारशी लागत नाही. त्यांचं जेवण आधी वेगळं असतं, पाच वाजता, तिथे आया असतात. केबिनमध्ये कठड्याचा पाळणा लावून देतात, पण आधी लिहून मागावा लागतो, आजच लिही. डेकचे कठडे जाळीचे असतात, मूल त्यातून जात नाही, पण वर चढतं. म्हणून कापडी पट्टा शिवून घ्यायचा, छातीवरून आणि खांद्यावरून, पाठीला दोरी. मी शिवून ठेवलाय, निळा. मूल हातातून सुटतं, पट्ट्यातून सुटत नाही. बंदरात बोट उभी असली की खिडकी बंद ठेव, खालून होडीवाले काठीनं वस्तू ओढतात. पोर्ट सैदला जादूगार बोटीवर येतात, कानातून कोंबडीचं पिल्लू काढतात. उषाला ते दाखव. पाणी उकळलेलंच द्यायचं. एक जुनी, तिच्या अंथरुणाची गोधडी न धुता बरोबर घे. नव्या जागी मुलाला घरचा वास लागतो.

एवढंच. उत्तर देऊ नकोस, भेटू.

तुझी आई

रामबाग, इंदूर
१६ मार्च १९५५
(पोर्ट सैदच्या एजंटामार्फत)

चि. बेबी आणि चि. उषा,

हे पत्र तुम्हाला कालव्याच्या पलीकडच्या तोंडाशी मिळेल. टपाल बोटीवर आलं की नावं पुकारतात, लक्ष ठेव.

खंडव्याला जे झालं ते तू पाहिलंस. पण माझ्या बाजूचं तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

आदल्या दिवशी इंदूरहून छोट्या गाडीनं मी खंडव्याला आले आणि वेटिंग रूममध्ये राहिले. घरी पलंगावर चादर घालून ठेवली होती. शेजारच्या वहिनींना सांगितलं होतं, उद्या नातीला घेऊन येते. तुला एवढी मोठी पत्रं लिहून, तिला घेऊन जा म्हणून सांगून, मी चादर घालून आले होते. बॅगेत निळा पट्टा होता, फ्रॉकही होते, आणि माझं एक लुगडं. का घेतलं लुगडं, ठाऊक नाही.

सकाळी तिकिटाच्या खिडकीशी गेले. प्लॅटफॉर्म तिकीट घ्यायचं होतं. बाबूनं विचारलं, "कहाँ का?" मी म्हटलं, "बंबई." त्यानं तिकीट फाडून दिलं. हातात घेऊन पाहिलं तेव्हा मला कळलं मी काय बोलले ते. तरी ठरलं नव्हतं. इंदूरला परतीचं तिकीट काढायला वेळ होता.

मेल आली. तू दारात होतीस. पाच वर्षांत तू माझ्यासारखी दिसायला लागलीस, मला ते अपेक्षित नव्हतं. तू उषाला कडेवर घेऊन उतरलीस आणि तिची छोटी पेटी खाली ठेवलीस. तू रडलेली होतीस, डोळे सुजले होते. म्हणालीस, "घे. लवकर घे, नाहीतर मला जमणार नाही."

मी हात पुढे केले. बेबी, मला वाटलं ती ओरडेल. माझी तयारी होती. ती ओरडली नाही. अर्धवट झोपेत होती, आली, माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि झोपली. तिचं वजन माझ्या खांद्यावर पडलं. खरं सांगते, त्या क्षणी मी सगळं विसरले, पत्रं, शहाणपण, सगळं. मी वळले. पुलाच्या दिशेनं चार पावलं टाकली. तू ते पाहिलंस.

मग मागून काही आवाज आला नाही. तू हाक मारली असतीस तर कदाचित मी तशीच गेले असते, सांगता येत नाही. तू गप्प होतीस म्हणून मी वळून पाहिलं. तू पेटीशेजारी उभी होतीस, दोन्ही हात कडेवर मूल असल्यासारखे वाकवून. ते रिकामे हात मला ओळखीचे वाटले.

मी परत आले आणि उषासकट डब्यात चढले. तू खालून म्हणालीस, "काय करतेस? गाडी सुटेल." मी म्हटलं, "पेटी उचल आणि वर ये." तू वर आलीस तेव्हा गाडी हलली होती. समोरच्या बाकावरच्या मारवाडी बाईनं विचारलं, "किसकी बच्ची है?" तू माझ्याकडे पाहिलंस. मग तू म्हणालीस, "मेरी."

भुसावळपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. नंतर खिडकीकडे तोंड करून म्हणालीस, "हे सगळं मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तुला माझा राग आला असता." तू म्हणालीस, "तो आलाच होता. निदान नीट कारणानं आला असता." मला हसू आलं, मग तुलाही. मग तू विचारलंस, "ते मासे खरंच चांदीचे असतात?" नाशिक येईपर्यंत मी तुला समुद्र सांगत होते. मारवाडी बाईसुद्धा ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "बाई, आप तो फिर से जाओ."

बॅलार्ड पियरवर तू मला वर चल म्हणालीस, केबिन बघायला. मी आले नाही. तुला वाटलं मी दमले. मला माझी खात्री नव्हती.

मी खाली उभी राहिले. मी बोटीवरून किनारा लांब जाताना पाहिला होता, किनाऱ्यावरून बोट जाताना कधी पाहिली नव्हती. मला वाटायचं ती एकदम निघून जाते. तसं नाही. आधी बोट आणि धक्का यांच्यामध्ये हातभर पाण्याची फट पडते. एवढीशी, उडी मारता येईल इतकी. बोटीवरच्यांनी आणि धक्क्यावरच्यांनी दोन टोकांना धरलेल्या कागदी फिती तुटतात, पाण्यात पडतात. मग फट रुंद होते, आणि तरीही चेहरे दिसत राहतात. उषा निळ्या पट्ट्यात कठड्याशी उभी होती, तिला मी दिसत नव्हते, ती पाण्याकडे वाकून बघत होती. तू तिची दोरी मनगटाला दोनदा गुंडाळली होतीस. एवढा मोठा लोखंडी डोंगर, चारशे खिडक्यांचा, आवाज न करता वळला आणि पाण्यानं तो उचलून नेला. माझ्या बाजूला एक पारशी म्हातारा उभा होता, त्याचा मुलगा त्याच बोटीनं चालला होता. तो म्हणाला, "कितनी आहिस्ता जाती है." आम्ही दोघं ती रेघ होईपर्यंत उभे होतो. बावीस वर्षं मी तुझ्या, मागे राहिलेल्या पोरीच्या, जागी उभं राहून जे पाहायला हवं होतं, ते त्या दिवशी पाहिलं. त्यात दुःख होतं, पण बेबी, ते सुंदरही होतं, आणि तेही मला माहीत नव्हतं.

पलंग मोडलेला नाही, तसाच ठेवलाय. त्यावर सध्या शाळेचे नकाशे पसरलेत.

आता शेवटचं. पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीला जोडून मला लांब रजा मिळते. काल पासपोर्टचा अर्ज आणला. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, या वयात एकट्या? मी म्हटलं, उजव्या हाताची केबिन मिळते का पाहते. सगळा अर्ज भरून झाला. एक रकाना आहे, 'प्रवासाचे कारण'. त्यात लिहिलं: मुलगी व नात यांना भेटणे. जागा अजून उरली होती. खाली लिहिलं: समुद्र.

तुझी आई